पाहुण्या हातांचे श्रम

महाविद्यालयीन शिक्षण संपताच नोकरीच्या जोखडात मान न घालता एखादे वर्ष परमुलखात हिंडावे, आणि हिंडण्याचा खर्च कोणाच्या तरी शेतावर राबून भागवावा, ही पद्धत पाश्चात्त्य तरुणांत आता रूढ झाली आहे. तिचे पुरस्कर्ते म्हणतात की, या एका वर्षाने सुशिक्षितास श्रमाची प्रतिष्ठा कळते. हे म्हणणे कितपत खरे मानावे?

श्रमाची हौस सुशिक्षितांस पूर्वीही होती. अमेरिकेत बोस्टनजवळ १८४१ साली जॉर्ज रिप्ले यांनी ब्रूक फार्म नावाची वसाहत काढली. हाताने शेती करावी आणि उरल्या वेळी चिंतन-लेखन करावे, असा तिचा थोडक्यात बेत होता. कादंबरीकार हॉथॉर्न तेथे गेला, खताचे ढीग उपसू लागला आणि ते वर्ष सरण्यापूर्वीच बाहेर पडला. दिवसभर फावडे चालविल्यावर लेखणी चालत नाही, हा अनुभव त्यास आला. त्याबद्दल त्यास कोणी दोष देऊ नये. परंतु त्यास बाहेर पडता आले, ही गोष्टही नजरेआड करू नये.

माझ्या मते खरा भेद येथेच आहे. एकादशीला उपाशी राहिलेल्या मनुष्यास भूक लागते, यात संशय नाही. तथापि दुष्काळाची भूक आपण जाणली, असे त्याने म्हणू नये. उद्या द्वादशी आहे हे त्यास पक्के ठाऊक असते. परतीचे तिकीट खिशात ठेवून केलेले श्रम याच जातीचे होत. व्रत म्हणून त्यांची किंमत आहे. व्रताने शरीर काटक होते, जिभेस आवर बसतो, आयत्या अन्नाविषयी थोडी लाजही वाटू लागते. (ही लाज आमच्या वर्गास थोडी अधिक वाटली तरी चालेल.) मात्र ते मजुराच्या जिण्याचे ज्ञान नव्हे.

ऑस्ट्रेलियात या व्रतास एक चमत्कारिक वळण लागले. तेथे परदेशी तरुणांस फिरता फिरता काम करण्याचा परवाना १९७५ पासून मिळतो. २००५ साली त्यास जोड मिळाली: शहरांपासून दूरच्या भागात शेतमळ्यावर किंवा तत्सम ठरावीक कामावर तीन महिने, म्हणजे ८८ दिवस, भरावेत आणि दुसऱ्या वर्षाचा परवाना मिळवावा. मग कोणी केळीच्या बागेत घड वाहू लागला, कोणी स्ट्रॉबेरी खुडू लागला. पण ज्याला दिवस भरावयाचे आहेत त्याला सहजासहजी निघून जाता येत नाही, आणि हे मालकासही कळते. दिवस भरल्याचा पुरावा त्याच्याच कागदांतून यावयाचा. फळे तोडून मोजावर मजुरी घेणाऱ्यास तासाच्या किमान मजुरीची हमी तेथे २८ एप्रिल २०२२ रोजी लागू झाली. तोवर हात मंद असेल त्याची कमाई तुटपुंजीच राहावयाची. येथे व्रतस्थाची द्वादशी दुसऱ्याच्या हाती गेली. त्या पाहुण्यास श्रमाविषयी काही खरे कळले असेल, तर ते फळे खुडताना नव्हे. तक्रार ओठांवर येऊन त्याने ती गिळली, त्या वेळी कळले असेल.

ब्रिटिश पारपत्र असणाऱ्यांस ही अट १ जुलै २०२४ पासून माफ झाली. त्याच वर्षी वर्षाला एक हजार भारतीय तरुणांस सोडत काढून अशा परवान्याची वाट मोकळी झाली. दुसरे वर्ष हवे असल्यास त्यांस मात्र ठरावीक काम चुकत नाही. तेव्हा हा प्रश्न आता आपल्याही दिवाणखान्यात आला आहे. मुलाने जावे की न जावे, हे ज्याच्या त्याच्या घरी ठरावे. मी अडविणार नाही. मात्र तो परत येऊन आपली छायाचित्रे दाखवू लागला, तर बीडकडून दरसाल उचल घेऊन ऊसतोडीस निघणाऱ्या जोडप्याविषयी मी त्यास विचारीन. नवराबायको मिळून एक कोयता मोजला जातो, मजुरी टनावर ठरते आणि उचल फिटेपर्यंत फड सोडता येत नाही. त्या जोडप्याशी दोन शब्द बोलण्याची इच्छा त्यास प्रवासापूर्वी कधी झाली होती काय, आणि आता होते काय, एवढेच मला ऐकावयाचे आहे.