फारसीतली प्रार्थना

तेहरानमध्ये करीमखान झंद रस्त्यावर सेंट सर्किस हे आर्मेनियन चर्च आहे. भर रस्त्यावर, उंच मनोऱ्यांचं, कुणापासून काही लपवायची गरज नसलेलं. इराणच्या मजलिसमध्ये आर्मेनियन ख्रिस्त्यांसाठी दोन आणि अश्शूरी व खाल्डियन ख्रिस्त्यांसाठी मिळून एक जागा राखीव आहे. 1979 च्या राज्यघटनेचं 13 वं कलम जरथुश्त्री, यहुदी आणि ख्रिस्ती यांना मान्यताप्राप्त अल्पसंख्य म्हणतं. त्याच तेहरानमध्ये एखाद्या फ्लॅटमध्ये आठ-दहा माणसं जमतात. एकदम कुणी येत नाही, थोड्या थोड्या वेळाने एकेक जण येतो. मोबाइल बाहेरच्या खोलीत ठेवले जातात. गाणी म्हणायची ती जेमतेम ओठ हलतील इतक्या आवाजात, कारण भिंतीपलीकडे शेजारी आहेत. ही प्रार्थना फारसीत चालते, आणि तिच्यासाठी पाच किंवा दहा वर्षांची शिक्षा होऊ शकते.

दोन्हीकडे ख्रिस्त तोच. मग एका ठिकाणी राखीव जागा आणि दुसऱ्या ठिकाणी तुरुंग, असं का? ‘मुस्लिम देशात ख्रिस्त्यांचा छळ’ एवढं म्हणून थांबलं तर या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही. आईबापांकडून ख्रिस्ती धर्म मिळालेल्या माणसाशी तेहरानच्या सत्तेचं फारसं भांडण नाही. भांडण आहे ते स्वतःहून ख्रिस्ती झालेल्याशी. धर्म वंशाबरोबर येतो, आणि जो तो बदलतो त्याने आपली निष्ठा शत्रूकडे नेऊन ठेवली, ही त्यामागची कल्पना. ती इस्लामी क्रांतीने जन्माला घातली नाही. इराणमध्ये इस्लाम येण्याच्याही आधीपासून ती आहे.

चौथ्या शतकात इराणवर सासानी राजे राज्य करत होते आणि दरबारचा धर्म जरथुश्त्री होता. पश्चिमेला कॉन्स्टंटाइनने ख्रिस्ती धर्माला जवळ केलं आणि इराणमधल्या ख्रिस्त्यांचं दैव फिरलं. रोम हा शत्रू, रोमचा सम्राट ख्रिस्ती, म्हणून आपल्याकडचे ख्रिस्ती रोमचे, असं सरळ गणित मांडलं गेलं. दुसऱ्या शापूरने युद्धासाठी ख्रिस्त्यांकडून दुप्पट कर गोळा करण्याचं काम बिशप शिमोन बार सब्बाए यांच्यावर टाकलं. गरीब लोकांकडून तो वसूल करायला त्यांनी नकार दिला आणि त्यांचा शिरच्छेद झाला. त्यानंतर कित्येक वर्षं कत्तली चालल्या.

इराणमधल्या ख्रिस्ती मंडळीने या संशयाला दिलेलं उत्तर मला फार महत्त्वाचं वाटतं. 410 साली राजा पहिला यज्दगर्द याच्या संमतीने तिची धर्मसभा भरली. 424 साली तिने ठरवलं की आमचा प्रमुख पश्चिमेकडच्या कुठल्याही बिशपला उत्तर देणं लागत नाही. म्हणजे ख्रिस्ती राहायचं, पण रोमचं व्हायचं नाही. पुढे ही पूर्वेकडची मंडळी चीनपर्यंत गेली. सहाव्या शतकात कॉस्मस नावाच्या प्रवाशाने लिहून ठेवलं आहे की भारताच्या किनाऱ्यावर ‘कल्लियाना’ इथे इराणहून नेमला जाणारा बिशप आहे. अनेक अभ्यासक हे ठिकाण म्हणजे आपलं कल्याण मानतात. इराण हा ख्रिस्ती धर्म बाहेर पाठवणारा देश होता, हे आज तिथल्या न्यायाधीशांच्या गावीही नसेल.

पुढे मंगोल आणि तैमूर आले. चौदाव्या शतकाच्या अखेरीला ही विराट मंडळी मोडून पडली आणि डोंगराळ मुलखात, उर्मियाच्या आसपास, स्वतःची बोली जपणारा एक समाज म्हणून तेवढी उरली. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला शाह अब्बासने आर्मेनियनांना त्यांच्या गावांतून उठवून इस्फहानला आणलं आणि नवं जुल्फा वसवून दिलं. रेशमाचा व्यापार त्यांच्या हाती होता, त्यामुळे त्यांना चर्च बांधू दिली, मान दिला. एक न लिहिलेला करार होऊन गेला : तुमचा धर्म तुमच्या भाषेत, तुमच्या मोहल्ल्यात सांभाळा, शेजाऱ्याकडे घेऊन जाऊ नका. दोन्ही बाजूंना तो सोयीचा होता आणि पिढ्यान्‌पिढ्या पाळला गेल्यामुळे तो निसर्गनियमासारखा वाटू लागला.

या कराराला पहिला मोठा छेद देणारा माणूस मुंबईहून गेला. हेन्‍री मार्टिन हा कंपनी सरकारचा पाद्री. 1811 मध्ये तो मुंबईहून जहाजाने निघाला, बूशहरला उतरून शिराझला पोचला. सादी आणि हाफिझ यांच्या गावात बसून मिर्झा सय्यद अली यांच्या मदतीने त्याने बायबलचा नवा करार फारसीत उतरवला, उलेमांशी वाद घातले, आणि परतीच्या वाटेवर 1812 मध्ये तोकात इथे वयाच्या एकतिसाव्या वर्षी वारला. सामान्य इराणी माणसाच्या जिभेवरच्या भाषेत शुभवर्तमान आलं, पण ते ईस्ट इंडिया कंपनीच्या पगारावरच्या माणसाच्या हातून आलं. पुढच्या दीडशे वर्षांत मिशनची रुग्णालयं निघाली, शाळा निघाल्या, त्यांनी खरंखुरं काम केलं. आणि त्या प्रत्येकावर इंग्रजांची सावली पडलेली राहिली. तेलावर डोळा ठेवून असलेल्या इंग्लंडबद्दल इराण्यांच्या मनात जी चीड होती ती निराधार नव्हती. मिशनऱ्यांची बाजू घेताना हे विसरून चालणार नाही.

हसन देहकानी-तफ्ती यांचं आयुष्य या पेचातच गेलं. 1920 मध्ये यज्दजवळच्या तफ्त गावी मुस्लिम घरात जन्म, तरुणपणी बाप्तिस्मा, आणि 1961 मध्ये अँग्लिकन मंडळीचे पहिले इराणी बिशप. पूर्ण इराणी राहून ख्रिस्ती असता येतं, हे त्यांना जगून दाखवायचं होतं. क्रांतीनंतर अवघ्या आठ दिवसांत शिराझमधले त्यांचे पाळक अरस्तू सय्याह यांचा खून झाला. रुग्णालयं आणि संस्था ताब्यात घेतल्या गेल्या. 26 ऑक्टोबर 1979 च्या पहाटे इस्फहानला बिशपच्या शयनगृहात बंदूकधारी शिरले. त्यांनी उशीवर झाडलेल्या चार गोळ्या डोक्याच्या कडेने गेल्या. पाचवी पत्नी मार्गारेट यांच्या हाताला लागली, कारण त्यांनी नवऱ्यावर अंग झोकून दिलं होतं. पुढच्या मे महिन्यात त्यांचा चोवीस वर्षांचा मुलगा बहराम तेहरानजवळ मारला गेला. बिशप तेव्हा देशाबाहेर होते, अंत्यविधीला येऊ शकले नाहीत. त्यांनी मुलासाठी प्रार्थना लिहिली, मारेकऱ्यांसाठी क्षमा मागणारी, आणि लिहिली ती फारसीत. ज्या माणसाला परक्यांचा हस्तक म्हटलं गेलं, त्याचं सर्वांत खोल दुःख त्याच्या मातृभाषेतच बोललं.

तरीही या सगळ्या इतिहासात मला सर्वांत जास्त थांबावंसं वाटतं ते हाइक होव्सेपियान यांच्यापाशी. ते आर्मेनियन होते. जुन्या कराराच्या आडोशाला सुखाने राहता आलं असतं : आर्मेनियनमध्ये उपासना करायची, आर्मेनियनांची लग्नं लावायची, कुणी केसालाही धक्का लावला नसता. ते ‘जमाअत-ए-रब्बानी’ या प्रोटेस्टंट मंडळीचे प्रमुख होते आणि तिची दारं फारसी बोलणाऱ्यांना उघडी होती. 1990 मध्ये त्यांचे सहकारी हुसेन सूदमंद यांना धर्मत्यागाबद्दल मशहदला फाशी झाली. नंतर मंडळ्यांकडे हमीपत्रं मागितली गेली : मुसलमानांना आत घेणार नाही, फारसीत उपासना करणार नाही. काहींनी सह्या केल्या. माझ्याने त्यांना दोष देववत नाही, त्यांच्यामागे अख्खा समाज होता. हाइक यांनी सही केली नाही.

तेव्हा मेहदी दिबाज हे धर्मांतरित पाळक नऊ वर्षांहून अधिक काळ तुरुंगात होते. डिसेंबर 1993 मध्ये सारीच्या न्यायालयाने त्यांना मृत्युदंड सुनावला. हाइक यांनी ही बातमी जगभर पोचवली आणि दबावामुळे 16 जानेवारी 1994 ला दिबाज सुटले. तीन दिवसांनी हाइक नाहीसे झाले. महिनाअखेरीस त्यांच्या खुनाची बातमी कुटुंबाला मिळाली. त्याच वर्षी जून-जुलैमध्ये दिबाज आणि प्रोटेस्टंट पाळकांच्या परिषदेच्या अध्यक्षपदी हाइक यांच्या जागी आलेले ताताउस मिकाएलियान यांचेही मृतदेह सापडले. सरकारने खापर विरोधी संघटनेवर फोडलं. एका जन्मजात ख्रिस्त्याने एका धर्मांतरितासाठी जीव दिला. इतक्या शतकांचा तो न लिहिलेला करार याहून ठामपणे कुणी नाकारला असेल, असं मला वाटत नाही.

यानंतर फारसी मंडळ्यांच्या इमारती एकेक करून गेल्या. आधी शुक्रवारची उपासना बंद करायला लावली, कारण इराणात सुटी शुक्रवारी असते. 2013 मध्ये जमाअत-ए-रब्बानीचं तेहरानमधलं मुख्य चर्चच बंद झालं. लोक घरात गेले. घरमंडळ्यांचं जाळं उभं राहिलं ते सत्तेने दुसरी वाट ठेवली नाही म्हणून. 2010 मध्ये कोमच्या भाषणात सर्वोच्च नेते खामेनेई यांनी शत्रूच्या डावपेचांमध्ये या घरमंडळ्यांचं नाव घेतलं, त्यानंतरच्या नाताळात धरपकडीची लाट आली. आरोपपत्रात आता ‘झायनवादी ख्रिस्तीपंथ’ असे शब्द असतात. रोम गेलं, इंग्लंड गेलं, अमेरिका आली, मग इस्रायल आलं. जून 2025 च्या युद्धानंतर हाच संशय आणखी धारदार झाला. शत्रूचं नाव बदलत राहतं आणि संशयित तोच राहतो.

छळामुळे मंडळी वाढतेच, असं पश्चिमेतल्या सभांमधून मोठ्या उत्साहाने सांगितलं जातं. मला ते पटत नाही. तैमूरनंतर ती वाढली नाही, संपत आली. घरमंडळ्यांत येणाऱ्यांची संख्या आज मोठी आहे, 2020 च्या एका ऑनलाइन पाहणीत सुमारे दीड टक्का लोकांनी स्वतःला ख्रिस्ती म्हटलं होतं. पण या माणसांना शिकलेला पाळक मिळत नाही, दुसऱ्या गटाची ओळख ठेवता येत नाही, नव्याने आलेला माणूस श्रद्धाळू आहे की खबऱ्या हे कळत नाही. शिकवण मिळते ती छपरावरच्या बेकायदा डिशमधून, परदेशातल्या वाहिन्यांवरून. आणि तेच पुढे खटल्यात परकीय संबंधांचा पुरावा म्हणून येतं. आधी दारं लावायची आणि मग माणूस खिडकीकडे का पाहतो म्हणून पकडायचं, असा हा न्याय आहे.

कायदाही स्वतःशीच भांडतो. घटनेच्या 23 व्या कलमानुसार निव्वळ एखादी श्रद्धा बाळगतो म्हणून कुणाला त्रास देता येत नाही. 2021 च्या फेब्रुवारीत दंडसंहितेत इस्लामविरोधी ‘विचलित’ प्रचाराला शिक्षा देणारी दुरुस्ती आली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या एका शाखेने नऊ धर्मांतरितांच्या प्रकरणात म्हटलं की घरमंडळीत जाणं हा राष्ट्रीय सुरक्षेविरुद्धचा गुन्हा नाही. ते नऊ जण निर्दोष ठरले, इतरांच्या शिक्षा चालू राहिल्या.

रश्तचे पाळक युसेफ नदरखानी यांच्या खटल्यात ही सगळी विसंगती उघडी पडली. 2010 मध्ये त्यांना धर्मत्यागाबद्दल मृत्युदंड झाला. आपण जाणत्या वयात मुसलमान कधी नव्हतोच, असं त्यांचं म्हणणं. तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने खालच्या न्यायालयाला तपासायला सांगितलं की वयात आल्यापासून एकोणिसाव्या वर्षी ख्रिस्ती होईपर्यंत हा माणूस इस्लाम आचरत होता का. आचरत नव्हता असं निघालं, तरी आईबाप मुसलमान असल्याने तो धर्मत्यागीच, असं खालच्या न्यायालयाने धरलं. 2012 मध्ये ते त्या आरोपातून सुटले. पुढे दुसऱ्या आरोपावरून ते एविन तुरुंगात गेले आणि तिथे 2019 मध्ये त्यांनी उपोषण केलं. कारण त्यांच्या मुलांनी शाळेत इस्लामचे पाठ घेतले नाहीत म्हणून त्यांचं शिक्षण अडवलं होतं. ती मुलं ख्रिस्ती आईबापांच्या घरी जन्मली होती. धर्म जन्माने मिळतो, हा नियम त्यांना मात्र लावला गेला नाही.