गाडी रिझर्व्हला लागली की...

आजचं चिंतन : गीता, अध्याय 6, श्लोक 16-17

काटा शून्यावर आला तरी गाडी लगेच थांबत नाही, टाकीत थोडं पेट्रोल उरलेलं असतं. अजून किती किलोमीटर? ते गाडीवर, चढावर, ट्रॅफिकवर ठरतं. पण टाकीतला पंप पेट्रोलमुळेच थंड राहतो. टाकी कोरडी पडायला लागली की तो तापतो, आणि चालवणाऱ्याला कळतही नाही.

मित्रांनो, आपणही असेच चालतोय ना? चार तास झोप, डबा तसाच परत, जप 'वीकेंडला बघू'. तरी ऑफिस होतंय, म्हणजे चालतंय! भगवंत मात्र ऐन रणांगणात अर्जुनाला जेवणा-झोपेबद्दल सांगतात (मला हे फार आवडतं). उपाशी राहणाऱ्याला, सतत जागणाऱ्याला योग साधत नाही. अति खाणाऱ्याला, अति झोपणाऱ्यालाही नाही.

आज रात्री मोबाईल बाजूला ठेवा, पाच मिनिटं नाम घ्या आणि खरंच झोपा.