दिवा लागला, पण चाक फिरले का?

एखादा मनुष्य नेमाने मिस्सेला येतो, रोज रोझरी म्हणतो. तरी कसोटीच्या क्षणी त्याचा पाय घसरतो. मग आपण चटकन म्हणतो, ‘याची श्रद्धाच खोटी!’ असा निवाडा करण्याचा अधिकार आपणांस आहे काय?

अमेरिकेत १९९८ च्या सुमारास तयार झालेल्या शेव्हरोले एस-१० या लहान पिकअप ट्रकचे उदाहरण घेऊ. बर्फात वा चिखलात चारही चाकांना जोर मिळावा म्हणून चालक बटन दाबतो. गिअर बदलणारी मोटर फिरते, दिवा लागतो. पण कधी कधी पुढची चाके ओढच घेत नाहीत. उतावळा मालक महागडी मोटर बदलतो. जाणता मेकॅनिक आधी फ्यूज पाहतो, मग बॅटरीखाली हात घालतो. पुढच्या चाकांना जोर जोडून देणारी, व्हॅक्यूमवर चालणारी डबी तेथे असते. पुष्कळदा तिची रबरी नळी तडकलेली असते, किंवा बॅटरीच्या आम्लाने डबीच खाल्लेली असते.

संत इग्नाती लोयोला यांच्या ‘आध्यात्मिक साधना’ या ग्रंथास १५४८ साली पोप तिसरे पॉल यांनी मान्यता दिली. शेजाऱ्याच्या बोलण्याचा आधी चांगला अर्थ लावावा, तो लागत नसेल तर त्यालाच विचारावे आणि तो चुकला असेल तर प्रेमाने सुधारावे, असे त्यात आरंभीच सांगितले आहे.

दोष झाकावा, असे नव्हे. नादुरुस्त ट्रक घात करतोच. परंतु आम्हीही प्रवचनपीठावरून कित्येकांना निकालात काढले. त्यांच्या घरी जाऊन विचारले असते, तर कर्जाची, आजाराची वा एकटेपणाची तडकलेली नळी कदाचित आमच्या हाती लागली असती.