डीपीवर कोणाचं ऊन?

पनवेलहून माथेरानच्या पायथ्याकडे निघालं की नेरे लागतं. कुष्ठरोग निवारण समितीच्या शांतिवनामुळे हे गाव अनेकांना माहीत आहे. आज या पट्ट्यात जुनी गावठाणं, फार्महाउसं आणि डोंगराकडच्या ठाकर-कातकरी वाड्या एकमेकांच्या शेजारी आहेत. अशा ठिकाणी घरोघरी सौर वीज यायची तर ऊन भरपूर आहे. अडचण डीपीवरच्या, म्हणजे वस्तीला वीज पुरवणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवरच्या, जागेची आहे.

अक्षय ऊर्जा या डोंगरांना नवी नाही. टाटांचं खोपोलीचं जलविद्युत केंद्र 1915 मध्ये सुरू झालं, माथेरानपलीकडचं भिवपुरीचं 1922 मध्ये. घाटमाथ्यावरचं पाणी खाली आलं आणि वीज मुंबईच्या गिरण्यांकडे गेली. पुढे उभं राहिलेलं वितरणाचं जाळंही अशाच एकेरी वाटेचं: सबस्टेशन, फीडर, डीपी, घर. टोकाला व्होल्टेज पडणार हे धरून डीपीवर ते सुरुवातीलाच थोडं चढं ठेवलं जातं.

छतावरची वीज ही वाट उलटवते. दुपारी घरात जेमतेम फ्रीज चालू असतो, उरलेली वीज लाइनवर जाते आणि तिथलं व्होल्टेज चढतं. ते मर्यादेबाहेर गेलं की इन्व्हर्टर स्वतःहून बंद पडतो. डीपीपासून लांबच्या घराला हा फटका आधी बसतो. म्हणजे वर्षानुवर्षं डिम दिवा सोसणाऱ्या टोकाच्या घरालाच आता भर उन्हात स्वतःची वीज देता येत नाही.

म्हणूनच राज्य वीज नियामक आयोगाने एका डीपीवर किती सौर क्षमता जोडायची याला मर्यादा घातली: 2015 मध्ये डीपीच्या क्षमतेच्या 40 टक्के, 2019 मध्ये 70 टक्के. 100 केव्हीएच्या डीपीवर दहा-दहा किलोवॅटचे सात बंगले आले की ही मर्यादा गाठली जाते. फेब्रुवारी 2024 मध्ये पंतप्रधान सूर्यघर योजना आली. तीन किलोवॅटला 78,000 रुपये अनुदान मिळू लागलं. त्याच महिन्यात केंद्राने ग्राहक-हक्कांच्या नियमांत दुरुस्ती केली. दहा किलोवॅटपर्यंतच्या अर्जाला तांत्रिक तपासणी उरली नाही आणि पाच किलोवॅटपर्यंत जाळं सुधारण्याचा खर्च वीज कंपनीकडे गेला. नियम सैल झाला, तार मात्र तेवढीच राहिली. कंपनीचा खर्च शेवटी वीजदरात उतरतो आणि तो दर पक्कं छत नसलेलं वाडीवरचं घरही भरतं.

ऊन सर्वांचं असलं तरी तार सामायिक आहे, आणि सामायिक गोष्ट पहिल्या येणाऱ्याला देऊन टाकणं हे वाटप नव्हे. महाराष्ट्राने याहून शहाणा न्याय पाहिला आहे. 1972 च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यात पाणी पंचायत उभी केली. तिथे पाण्याचा हक्क जमिनीवर नाही, माणसांवर ठरला: माणशी अर्धा एकर, भूमिहीनालाही वाटा, आणि ऊस वर्ज्य.

डीपीवरची जागाही अशीच घरटी वाटावी. ज्याच्याकडे छत नाही, त्याचा वाटा शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या छतावर सामायिक पॅनेल बसवून राखावा. सातारा जिल्ह्यातली मान्याचीवाडी 2024 मध्ये राज्यातलं पहिलं सौरग्राम ठरली. गाव एकत्र आलं तर काय होतं ते तिथे दिसलं.

कुणी म्हणेल, असे वाटे राखून ठेवले तर ज्याच्याकडे पैसे आहेत त्याचंही काम अडेल आणि ऊन वाया जाईल. आक्षेप रास्त आहे. म्हणून न वापरलेला वाटा धन्याने मागेपर्यंत शेजाऱ्याला वापरू द्यावा. बॅटरी बसवून दुपारची वीज लाइनवर न सोडता संध्याकाळी घरातच खर्च करणाऱ्याला या वाट्याची अट नको. तो लाइनवर भार टाकतच नाही.

या सगळ्याची सुरुवात एका साध्या कागदापासून होऊ शकते. प्रत्येक डीपीची क्षमता किती, त्यावर सौर जोडण्या किती आणि जागा किती उरली, याची यादी वीज कंपनीने ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी. नेऱ्यासारख्या गावांच्या ग्रामसभांनी पुढच्या बैठकीत एवढी मागणी तरी ठरावात घालावी.