गोळ्यांचा हिशेब आणि माणसाची इच्छा



एकाच माणसाला मधुमेह, रक्तदाब, दमा, सांधेदुखी असे तीन-चार आजार असणे हे आज नवलाचे राहिलेले नाही. प्रत्येक आजाराचा डॉक्टर वेगळा, प्रत्येकाची चिठ्ठी वेगळी. प्रत्येक जण आपापल्या जागी बरोबर असतो, तरी सर्वांची बेरीज चुकू शकते. दम्यासाठी घेतलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्यांनी साखर वाढते. सांधेदुखीवरच्या काही गोळ्यांनी रक्तदाब वाढतो, मूत्रपिंडाला इजा होते.

२००५ साली अमेरिकेतील डॉ. सिंथिया बॉइड व सहकाऱ्यांनी पाच आजार असलेल्या ७९ वर्षांच्या स्त्रीचे कल्पित उदाहरण घेतले. प्रत्येक आजाराचे उपचार-नियम पाळले, तर तिला १२ औषधांच्या रोज १९ मात्रा घ्याव्या लागणार होत्या!

या गुंत्यावर आता संगणकाची मदत घेण्याचे प्रयत्न होत आहेत. कॅनडा, पोलंड आणि स्कॉटलंडमधील संशोधकांनी असे उपचार-नियम तर्कशास्त्राच्या काटेकोर भाषेत मांडले आहेत. उदाहरणार्थ, पक्षाघात टाळण्यासाठी अ‍ॅस्पिरिन हवी, पण आतड्यात व्रण असेल तर तीच रक्तस्राव घडवू शकते. संगणक असे विरोध शोधतो, पर्याय तपासतो आणि कमीत कमी धोक्याची जुळणी सुचवतो. माणूस थकतो, विसरतो. यंत्र शंभरावी जुळणीही पहिल्या जुळणीइतकीच नीट तपासते. अशा मदतीचे स्वागतच केले पाहिजे.

परंतु 'कमीत कमी धोका' म्हणजे कोणता धोका? गुडघेदुखी सोसून मूत्रपिंड जपायचे, की चालते-फिरते राहण्यासाठी थोडी जोखीम पत्करायची? वेदना थांबवणाऱ्या गोळीने दिवसभर गुंगी येत असेल, तर नातवंडांशी बोलण्याचे मोल किती धरायचे? यंत्र तुलना करते, पण कशाला किती वजन द्यायचे हे आधी कोणीतरी माणसानेच ठरवलेले असते. त्यात रुग्णाला विचारलेले नसेल, तर हिशेब बिनचूक असूनही तो त्याचा नसतो.

कोणी म्हणेल, रुग्णाला औषधातले काय कळते? औषधाचे गुणदोष डॉक्टरलाच कळतात, हे खरे. पण आपल्याला काय सोसवते आणि कशासाठी जगायचे आहे, हे रुग्णाइतके कोणाला कळणार? ख्रिस्तसभेची धर्मशिकवणही (परिच्छेद २२७८) जाचक उपचार थांबवण्याविषयी बोलताना सांगते की, रुग्ण समर्थ असेल तर निर्णय त्याने घ्यावा.

म्हणून घरातील वडीलधाऱ्यांच्या सर्व चिठ्ठ्या एकत्र करून एका डॉक्टरला दाखवूया. कोणतीही गोळी परस्पर बंद करू नये. आणि डॉक्टरकडे जाण्यापूर्वी त्यांच्याजवळ बसून एवढेच विचारूया : "तुम्हाला सर्वांत जास्त काय हवे आहे?" ते उत्तर चिठ्ठीवर लिहिलेले नसते, आणि आपण विचारल्याशिवाय ते कोणत्याही यंत्रापर्यंत पोहोचणार नाही.