हौसेचे कष्ट

एकच रस्ता, एकच चढ, दोघांचे वाहन एकाच जातीचे आणि दोघांच्याही कपाळावर तोच घाम. परंतु त्या घामाचे एकाला चार पैसे मिळतात, आणि दुसरा त्याच घामासाठी पदरचे चार पैसे मोजतो. पहिल्याच्या श्रमाला आपण पोटापाण्याचा उद्योग म्हणतो, दुसऱ्याच्या श्रमाला हौस. शब्द वेगळे केले म्हणजे प्रश्न मिटला असे व्यवहारात आपण मानून चालतो. पण प्रश्न मिटत नाही. ज्या कष्टांतून सुटावे म्हणून एक माणूस जन्मभर धडपडतो, ते कष्ट दुसऱ्याने रविवारची करमणूक म्हणून अंगावर घ्यावेत, यात काही अनौचित्य आहे की नाही?

या प्रश्नाची दोन तयार उत्तरे आहेत. एक म्हणते, हौसेला मोल नसते. कोणाचे काही हिरावून घेतले नाही, तेव्हा विचारणारे तुम्ही कोण? दुसरे म्हणते, हा भरल्या पोटाचा खेळ आहे, आणि उपाशी माणसासमोर उपवासाची गोडी गाण्यासारखा निर्दय आहे. दोन्ही उत्तरे सोपी आहेत, आणि सोपी आहेत म्हणूनच आम्हांस ती अपुरी वाटतात.

प्रश्न आम्ही पुस्तकातून उचललेला नाही. म्हणून तो जेथे उद्भवला तेथील हकीकत थोडक्यात सांगणे प्राप्त आहे. आमचे वास्तव्य म्हैसूरच्या कुवेंपुनगरात. आठवड्याचे सहा दिवस खुर्ची-टेबलाशी बांधलेले. तिशी उलटल्यावर आम्ही सायकल शिकलो. आणि वसाहतीच्या रस्त्यांवर तोल सांभाळता येऊ लागताच, मार्गशीर्षातील एका रविवारी, एकट्यानेच दिवसभराच्या फेरीस निघालो. बाह्यवळण रस्त्याने हिनकल, तेथून हुणसूर रस्त्याला लागून हूटगळ्ळी, पुढे इलवाल, तेथे उजवीकडे वळून कृष्णराजसागर, आणि धरणावरून सायंकाळपर्यंत घरी. सगळे मिळून पन्नास किलोमीटरांच्या आतबाहेर. सराईत सायकलस्वाराला यात सांगण्याजोगे काही नाही. नवशिक्याला मात्र एवढ्या अंतरात पृथ्वी सपाट नाही हे प्रथमच कळते. बसच्या खिडकीतून जो रस्ता सरळ आणि समतल दिसतो, तो मांड्यांच्या साक्षीने पाहिला म्हणजे त्यातील प्रत्येक उंचवटा आपले अस्तित्व सांगू लागतो.

या रस्त्यावर सायकलवाले आम्ही एकटेच नव्हतो. कारखान्यांच्या वसाहतीकडे पाळीवर निघालेले कामगार होते. दोन्ही बाजूंस दुधाच्या किटल्या अडकवलेला एक म्हातारा होता. हिरव्या चाऱ्याचा एवढा भारा मागे बांधलेला एक मुलगा होता, की मागून पाहता चाराच चालला आहे असे वाटावे. इलवालच्या अलीकडे एका चढावर, शहाळ्यांचे घोस लटकावलेली सायकल हाताने ढकलीत चाललेला एक मनुष्य आम्हांस भेटला. आम्हीही उतरून ढकलीतच होतो. बरोबरीने चालू लागताच त्याने विचारले, "कुठे निघालात, स्वामी?" आम्ही कृष्णराजसागराचे नाव सांगितले. "काय काम काढलंत?" आम्ही म्हणालो, "काम काही नाही." त्याने आमच्या सायकलीकडे पाहिले, आमच्याकडे पाहिले, आणि उपहासाचा लवलेशही न ठेवता, खरोखरीच समजून घेण्याच्या स्वरात विचारले, "काम नाही, तर मग ऊन का खाता?"

त्याला आम्ही काय उत्तर दिले हे महत्त्वाचे नाही. चढ संपला आणि बोलणेही संपले. परंतु प्रश्न बिनतोड होता. त्याचा परामर्श घेणे हाच या लेखाचा हेतू.

प्रथम निर्दोष आनंदाची बाजू पाहू. १८९५ साली, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षात, टॉल्स्टॉय सायकल शिकला. त्याच वर्षी फेब्रुवारीत त्याचा सर्वांत धाकटा, सहा वर्षांचा मुलगा वारला होता. साधेपणाचा आणि शरीरश्रमाचा कैवार घेणाऱ्या या वृद्धाला सायकलवर पाहून त्याच्या जवळच्या माणसांतही कुजबुज झाली; हे त्याच्या तत्त्वांत बसते काय, असा प्रश्न निघाला. स्वतः टॉल्स्टॉयला मात्र पोराप्रमाणे निर्मळपणे रमण्यात पाप दिसले नाही. आम्हांस त्याचे म्हणणे मान्य आहे. आनंद हा स्वभावतः संशयित असतो आणि त्याने आपली निर्दोषता आधी शाबीत केली पाहिजे, ही वृत्ती नीतीची नसून नीतीच्या विकृतीची आहे. उतारावर वारा कानांत शिरतो तेव्हा जे वाटते त्याला कोणाची परवानगी लागू नये.

पण हे उत्तर विरक्तीच्या आक्षेपाला पुरते. शहाळीवाल्याच्या प्रश्नाला पुरत नाही. तो आनंदाला पाप म्हणत नव्हता. तो एवढेच विचारीत होता, की जे मला चुकवता येत नाही ते तुम्ही चुकवता येत असून का घेता? येथे दुसरे तयार उत्तर पुढे येते: कष्टांचा खेळ करणे ही सुखवस्तूंची मिजास आहे. हे खरे आहे काय?

आपल्या मराठी माणसाने तरी हे मान्य करण्यापूर्वी पंढरीच्या वाटेकडे पाहावे. आषाढी वारीत आळंदीहून आणि देहूहून जे चालत निघतात, त्यांत आयुष्यभर मातीत राबणारे किती असतात! वर्षभर ज्याचे पाय चिखलात, तोच मनुष्य पेरणी उरकून सुमारे तीन आठवडे पायांना आणखी राबवतो, आणि तेही कोणी सांगितले म्हणून नव्हे. इकडे म्हैसुरात आषाढाच्या शुक्रवारी चामुंडीच्या टेकडीवर जावे. हजार पायऱ्यांना एकेक करून हळदकुंकू लावीत वाकत वाकत चढणाऱ्या बायका दिसतात. त्यांपैकी कितीजणींचा उरलेला आठवडा दुसऱ्याच्या घरची भांडी घासण्यात जातो, हे त्यांच्या हातांकडे पाहून समजते. तेव्हा आपखुशीचे कष्ट ही श्रीमंतांची मिरास नाही. कष्टकरी मनुष्यालाही आपल्या मनाने निवडलेल्या श्रमांची भूक असते. कदाचित अधिकच असते.

शेजारच्या तमिळनाडूतील पुदुकोट्टै जिल्ह्याचे उदाहरण याहून बोलके आहे. १९९१ च्या सुमारास तेथे साक्षरतेची मोठी मोहीम चालली, आणि अक्षरांबरोबर बायकांना सायकलही शिकविण्यात आली. शेतमजुरी करणाऱ्या, दगडाच्या खाणींत काम करणाऱ्या हजारो स्त्रिया सायकलवर बसू लागल्या. सायकलीने त्यांचे पाणी आणणे, मुलांना पोचविणे, बाजार करणे सोपे झाले, हा उपयोग उघड आहे. परंतु बसची वाट न पाहता, बाप किंवा नवरा सोडावयास येईल तेव्हा नव्हे, तर आपल्याला वाटेल तेव्हा निघता येते, यात त्यांना लाभलेले सुख केवळ उपयोगात मोजता येणार नाही. तेथे काम आणि हौस यांची फाळणीच झाली नव्हती.

यावरून आमच्या ध्यानी एक गोष्ट येते. शहाळीवाल्याच्या आणि आमच्या घामात फरक आहे तो घामाचा नव्हे, थांबण्याच्या अधिकाराचा. आम्ही वडाखाली सायकल टेकवून तासभर पडू शकत होतो. कंटाळा आला असता तर इलवालहून मागे फिरू शकत होतो, आणि त्यामुळे कोणाची चूल विझली नसती. त्याला ते शक्य नव्हते. शहाळी विकली जाईपर्यंत चढ त्याचा होता आणि ऊनही त्याचे होते. आम्ही ज्याचा उपभोग घेत होतो तो कष्टांचा नव्हे. कष्ट आपल्या हातात असण्याचा होता. हौस या शब्दाची खरी व्याख्या हीच: जे मधेच टाकून देता येते ते.

इलवालच्या नावाशी या विचाराचे एक जुने नाते आहे. २१ आणि २२ सप्टेंबर १९५७ रोजी तेथे ग्रामदानाविषयी परिषद भरली होती. राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद, पंतप्रधान नेहरू, भिन्न भिन्न पक्षांचे धुरीण, अगदी साम्यवादी नंबुद्रिपादांपर्यंत, एका मांडवात आले, आणि ज्याच्यासाठी आले तो मराठी मनुष्य पायी चालत तेथे पोचला होता. १९५१ पासून विनोबा चालतच होते. ज्याला हवे ते वाहन मिळू शकत होते त्याने पायांनी देश मोजावा, हे आपखुशीच्या कष्टांचे केवढे मोठे उदाहरण! परंतु त्या चालण्यात आमच्या फेरीहून निराळे असे एक तत्त्व होते. पायी चालणारा दुसऱ्याच्या दारात थांबल्यावाचून राहू शकत नाही. त्याला पाणी मागावे लागते, रात्रीचा आसरा मागावा लागतो. मागता मागता त्याला ऐकावेही लागते. विनोबांचे कष्ट त्यांना स्वावलंबी करीत नव्हते, परावलंबी करीत होते, आणि तेच त्यांचे बळ होते.

या उदाहरणाने हुरळून जाण्याचेही कारण नाही. दान म्हणून लिहून दिलेल्या जमिनीपैकी बरीचशी नापीक निघाली, बरीचशी भूमिहीनांपर्यंत कधी पोचलीच नाही. एका महात्म्याच्या चालण्याने रस्त्यावरच्या माणसाचा चढ कमी होत नसेल, तर आमच्यासारख्याच्या पायडल मारण्याने तो होईल ही कल्पनाही करू नये. हौसेच्या कष्टांना तपश्चर्येचे नाव देण्याचा मोह होतो. विशेषतः सायंकाळी पाय दुखू लागले म्हणजे. तो मोह टाळला पाहिजे. पाय दुखणे हे पुण्य नव्हे.

इलवालच्या पुढे, धरणाच्या वाटेवर, काही ठिकाणी कुळथाची आणि नाचणीची कापणी झालेली रोपे सडकेवरच पसरलेली होती. मोटारी व लॉऱ्या वरून जातात आणि मळणी आपोआप होते. वाहनवाल्यांना हे धोक्याचे वाटते, आणि ते खोटेही नाही. आम्ही भीत भीत कडेने जाऊ लागलो, तर पीक उलटीत असलेली बाई हसून म्हणाली, "वरूनच जा, तुमच्या चाकाने काही मळणी व्हायची नाही." लॉरीचे चाक तिच्या कामी येत होते, आमचे येत नव्हते. हौसेची जगाच्या व्यवहारातील खरी किंमत एवढीच; ती नम्रपणे मान्य करावी.

तथापि आमच्या चाकाने तिचे काही मोडलेही नव्हते, आणि हेही अगदीच तुच्छ नाही. इव्हान इलिच या विचारवंताने १९७४ च्या सुमारास ऊर्जा आणि समता यांचा संबंध मांडताना सायकलीचे महत्त्व सांगितले. पायी चालणाऱ्याच्या तिप्पट-चौपट वेगाने सायकलस्वार जातो, आणि तरीही अंतराच्या मानाने शक्ती कितीतरी कमी वेचतो. एका मर्यादेपलीकडचा वेग मात्र दुसऱ्याचा वेळ आणि जागा खाऊनच मिळतो, असा त्याचा मुद्दा होता. मोटारीतून करमणुकीला निघालेला मनुष्य शहाळीवाल्याला रस्त्याच्या कडेला ढकलतो; सायकलवर निघालेला निदान त्याच्या बरोबरीने चढ चढतो, आणि प्रश्न विचारला जाण्याइतका जवळ असतो. हौशी कष्टांच्या बाजूने जे सर्वांत प्रामाणिकपणे म्हणता येईल ते हेच. ते न्याय करीत नाहीत, पण अन्यायाला ऐकू येण्याच्या टप्प्यात आणून सोडतात.

पुढचे ज्याचे त्याने करावयाचे. आमच्यापुरते आम्हांस एक देणे दिसते. आमची फेरी रविवारची होती. तो रविवार आकाशातून पडलेला नाही. मुंबईच्या गिरणीकामगारांना आठवड्याचा एक दिवसही हक्काचा नव्हता, तेव्हा नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली त्यांची संघटना उभी केली, वर्षानुवर्षे झगडा दिला, आणि १० जून १८९० रोजी रविवारची साप्ताहिक सुट्टी मिळवली. थांबण्याचा अधिकार हा असा कोणीतरी मिळविलेला असतो. आपण तो हवापाण्यासारखा वापरतो, एवढेच. आणि जो अधिकार गिरणीतल्या कामगारांसाठी मिळवावा लागला, तो शहाळीवाल्याला, दूधवाल्या म्हाताऱ्याला, चाऱ्याखाली दिसेनाशा झालेल्या मुलाला अद्याप मिळालेला नाही. त्यांचा रविवार कोणत्याच कायद्याने लिहिलेला नाही.

कुवेंपुनगराला ज्यांचे नाव दिले आहे, त्या कन्नड महाकवीचे 'जलगार' नावाचे एक छोटे नाटक आहे. त्यात शिव रस्ता झाडणाऱ्या झाडूवाल्याला भेटावयास येतो. देवळात नव्हे, रस्त्यावर, आणि स्वतः झाडूवाल्याच्याच रूपात. सक्तीच्या श्रमांतही देवत्व असू शकते, हे त्यातून आपण शिकावे. परंतु देव भेटला म्हणून झाडूवाल्याला सुट्टी नको, असा अर्थ मात्र कोणी काढू नये. श्रमांची थोरवी गाऊन श्रमणाऱ्याची विश्रांती बुडवण्याची युक्ती फार जुनी आहे, आणि ती बहुधा हौशी माणसेच वापरतात.

म्हणून आमचा निष्कर्ष असा. हौसेचे कष्ट निर्दोष आहेत, मात्र तीन अटींवर. त्यांना पुण्य म्हणू नये. त्यांची गोडी सक्तीने राबणाऱ्याला सांगावयास जाऊ नये. आणि "ऊन का खाता?" या प्रश्नाचे खरे उत्तर स्वतःशी तरी द्यावे: आम्ही ऊन खातो, कारण आम्हांला सावलीत जाता येते. हे उत्तर ज्याच्या मनात स्वच्छ उमटले त्याला सायकल सोडण्याची गरज नाही. मात्र कामगारांच्या रजेचा, पेन्शनचा, फेरीवाल्यांच्या हक्काचा प्रश्न जेव्हा कोठे निघेल, तेव्हा 'आमचा याच्याशी काय संबंध' असे म्हणण्याचा अधिकार त्याने त्या चढावरच गमावलेला असतो.