बाहेर म्हणजे कुठे?

माझी दिवाळीची पहिली आठवण फटाक्यांची नाही, बंबाच्या धुराची आहे. नरकचतुर्दशीच्या पहाटे आई तांब्याचा बंब पेटवी आणि आम्ही डोळे चोळीत पाटावर तेल लावून घ्यायला बसत असू. डोळे झोपेने चुरचुरत की धुराने, हे कळत नसे. पण धूर झाला आहे एवढे मात्र साऱ्या आळीला कळे. बंब काही निरुपद्रवी नव्हता, पण त्याचा उपद्रव उघड होता.

आता मी वाशीला राहतो. बंबाच्या जागी गॅसचा गीझर आला आहे. निळी, देखणी ज्योत. ना राख, ना काजळी. त्याच्या माथ्यावरून पत्र्याचा एक पाइप निघतो आणि भिंतीतून 'बाहेर' जातो. ह्या 'बाहेर' शब्दानेच मला यंदा ऐन दिवाळीच्या तोंडावर पेचात टाकले.

गीझर साफ करायला आलेल्या मुलाने उदबत्ती मागितली. मला वाटले, कामाचा श्रीगणेशा करतो आहे. त्याने गीझर लावून ती पाइपाच्या मुळाशी धरली. धूर पाइपात ओढला जायला हवा होता. तो उलटा खोलीत पसरला. मग त्याने पाइप उतरवला. सांध्यापाशी गंजून चाळण झालेली, आणि टोकाला जाळी नसल्यामुळे कबुतराचे घरटे. गॅस जळताना वाफ होते, तिचे पाणी पाइपात साचते. वर खाडीचा खारा वारा. पाइपाला बाहेरच्या बाजूस थोडा उतार असता तर पाणी निथळून तरी गेले असते.

"आणि काका," तो म्हणाला, "हा डक्टमध्ये सोडलाय. वरच्यांची खिडकी बरोबर ह्याच्यावर आहे."

डक्टमध्ये सोडा, असे सहा वर्षांपूर्वी मीच सांगितले होते. दुसऱ्या भिंतीपर्यंत पाइप न्यायचा तर खर्च वाढत होता. डक्ट साऱ्यांचा, म्हणजे कोणाचाच नाही, ही आपली नेहमीची समजूत.

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. न जळलेल्या गॅसला मुद्दाम दुर्गंध देतात, म्हणून गळती नाकाला कळते. अर्धवट जळलेल्याच्या बाबतीत ती सोयही नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरतो. फ्रेंच कादंबरीकार एमिल झोला १९०२ साली पॅरिसमधल्या आपल्या घरी रात्री ह्याच वायूने गुदमरून गेला. शेकोटीचे धुरांडे तुंबले होते. ते कोणी मुद्दाम बुजवले असावे, असा संशय पुढे घेतला गेला. मुद्दाम बुजवले असेल तर तो खून, कबुतराने बुजवले तर अपघात. पण ज्याने थोडे पैसे वाचवले आणि पुन्हा वर मान करून पाहिलेच नाही, त्याला कोणत्या रकान्यात घालायचे?

गेल्या हिवाळ्यात वरच्या आजी मला जिन्यात म्हणाल्या होत्या, "आंघोळ झाली की डोकं जड होतं हो." मी त्यांना सुंठेचा लेप सुचवला होता! त्यांचे डोके माझ्या पाइपामुळे जड होत होते की वयामुळे, हे आता कोण सांगणार?

पाइप बदलला, डक्ट टाळून उघड्यावर काढला, टोकाला जाळी बसवली. मग सांगायचे की नाही? सौ. म्हणाली, "आता दुरुस्त झालंय ना? सणासुदीला म्हाताऱ्या माणसाला कशाला घाबरवायचं?" बोलण्यात दया होती, ती खोटीही नव्हती. पण ती मला फारच सोयीची होती, आणि म्हणूनच माझा तिच्यावर विश्वास बसेना. झाकून ठेवलेली चूक माझ्यापुरती मिटली असती. आजींना मात्र आपले डोके का दुखत होते, ह्याची शंकासुद्धा घेता आली नसती. ती शंका त्यांच्या हक्काची होती.

धनत्रयोदशीला फराळाचे ताट घेऊन वर गेलो आणि सारे सांगितले. आजींनी शांतपणे ऐकले. ताटातली करंजी उचलून पुन्हा ठेवली.

"तुमचा बदललात, बरं केलंत," त्या म्हणाल्या. "आणि तुमच्या खालच्यांचा कुठं सोडलाय?"

मी पाहिले नव्हते. घरी येऊन उदबत्तीचा पुडा घेतला आणि खाली उतरलो.